पाळी अनियमित आहे आणि ‘राहिलं तर नाही ना’ची धाकधूक : आधी कुठली तारीख मोजायची ते बघा

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून अकरा वर्षं झाली मला, सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, समोर एसटी स्टँड, त्यामुळे कोण काय मागायला आलंय ते आता चालण्यावरूनच कळतं. प्रेग्नन्सी किट घ्यायला आलेलं माणूस किट कधीच पहिलं मागत नाही. आधी विक्सची गोळी, मग बँडेज, मग ‘ओआरएस आहे का ऑरेंजमधलं’, मग मागे वळून दुसरं गिऱ्हाईक नाहीये ना बघायचं आणि मग खाली मान घालून, “ताई, ते घरी चेक करायचं असतं ना, ते एक द्या.” पोरगा असला तर तोंड उघडतच नाही, मोबाईलवर फोटो दाखवतो.

मी हळूच विचारते, किती दिवस झाले? उत्तर येतं, “चार दिवस वर गेलेत.” मग विचारते पाळी एरवी वेळेवर येते का, तर “छे, कधी ३५ दिवसांनी कधी ५० दिवसांनी, पीसीओडी आहे ना.” मग बाई चार दिवस वर गेले ते कशाच्या वर? जिची पाळी कधीच ठरलेल्या दिवशी येत नाही तिची पाळी ‘चुकली’ हे ठरवणार कसं? घोळ सगळा इथंच होतो. लवकर टेस्ट करतात, निगेटिव्ह येते, विश्वास बसत नाही, परत किट, परत निगेटिव्ह, मग कुणीतरी सांगतं म्हणून गोळ्या.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पाळी अनियमित असेल तर पाळीची तारीख धरून बसूच नका, शेवटच्या संबंधाची तारीख धरा, आणि तिथून २१ दिवस मोजा. बाकी सगळा लेख त्याच्याभोवती आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगितलंय.

पहिलं काम : कागद घ्या आणि तारखा लिहा

डोक्यात ठेवू नका, लिहा. घाबरलेलं डोकं तारखा हलवतं, मी बघितलंय, एकच मुलगी दहा मिनिटांत तीन वेगवेगळ्या तारखा सांगते.

शेवटची पाळी कधी आली, म्हणजे रक्त नीट सुरू झालं तो पहिला दिवस. संपल्याचा नाही, सुरू झाल्याचा. आणि त्याच्या शेजारी लिहा की ती पाळी नेहमीसारखी होती का. हे फार महत्त्वाचं. नेहमी चार दिवस पॅड लागतं आणि यावेळी दीड दिवस नुसते डाग पडले असतील तर तिला पाळी म्हणून हिशोबात धरू नका, कारण दिवस राहिल्यावरही सुरुवातीला थोडं रक्त जाऊ शकतं, साधारण चारातल्या एकीला जातं. “मला तर येऊन गेली की” म्हणून निवांत बसलेल्या आणि नंतर तिसऱ्या महिन्यात कळलेल्या बायका आहेत.

मग शेवटचा संबंध कधी आला ज्यात काही वापरलं नव्हतं, किंवा कंडोम फाटला, निसटला, मध्येच काढला. अनेक वेळा झालं असेल तर सगळ्यात शेवटची तारीख. २१ दिवस तिच्यापासून मोजायचे.

आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत पाळीवर परिणाम करणारी कुठलीही गोळी-इंजेक्शन घेतलंय का, इमर्जन्सी गोळी, पाळी पुढे ढकलायची गोळी, दिवस राहू नयेत म्हणून घेतात ते अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी, काहीही. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप शोधा, फेकली असेल तर ज्या मेडिकलमधून घेतली तिथे विचारा.

धोका खरंच होता का, ते आधी बघा

निम्मी भीती इथंच संपते, म्हणून हे टाळू नका. दिवस राहायला वीर्य योनीत किंवा अगदी योनीच्या तोंडाशी जावं लागतं. मिठी मारून, किस करून, कपड्यांवरून, एकाच टॉवेलने अंग पुसून, कमोडवर बसून, स्विमिंग टँकमध्ये उतरून दिवस राहत नाहीत. हसू नका, हे सगळे प्रश्न मला विचारलेले आहेत, आणि विचारणारी पोरगी रडत होती.

‘बाहेर काढलं होतं’ हा मात्र धोका धरायचा. वेळेत काढलं असं प्रत्येक पुरुषाला वाटतं, आणि आधी येणाऱ्या पाण्यातही कधीकधी शुक्राणू असतात. कंडोम पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वापरला, फाटला नाही, तर धोका खूप कमी, वर्षभर दरवेळी बिनचूक वापरणाऱ्या १०० जोडप्यांत साधारण दोघांना दिवस राहतात. खऱ्या आयुष्यात तो आकडा वाढतो कारण कुणी अर्ध्यात घालतं, कुणी पाकिटात ठेवून ठेवून त्याचं रबर वाळवतं.

‘सेफ दिवस’ ही तर आपल्या अनियमितवाल्यांसाठी फसवणूकच आहे. गणित असं आहे की बीज बाहेर पडल्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते, हे पाठचे १४ दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात, लांबतं ते आधीचं. म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर बीज १४व्या दिवसाच्या आसपास, पण ४५ दिवसांचं चक्र असेल तर ते ३१व्या दिवसाच्या आसपास. आता ही बाई १४व्या दिवशी घाबरून लांब राहिली आणि ३०व्या दिवशी ‘आता काय, सेफ’ म्हणाली तर? बरोबर उलटं झालं. त्यात शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात. त्यामुळे जिचं चक्र हलतं तिला सेफ दिवस नाहीत, संपलं.

पाच दिवसांच्या आत असाल तर अजून हातात आहे

संबंध येऊन ७२ तास झाले नसतील तर इमर्जन्सी गोळी मिळते, आय-पिल, अनवाँटेड-७२ वगैरे नावं माहीत असतील, आत औषध एकच, लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी, चिठ्ठी लागत नाही. आशाताईंकडेही सरकारी गोळी असते. जितकी लवकर तितकी उपयोगी, ‘७२ तास आहेत ना, परवा घेते’ असं करू नका. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. टीबीची रिफाम्पिसिनवाली औषधं किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर हिचा असर कमी होतो, वजन ७० किलोच्या वर असेल तरीही कमी होऊ शकतो, तेव्हा गोळी देणाऱ्याला हे सांगा. ७२ तास उलटून गेलेत पण पाच दिवस झाले नाहीत तर कॉपर-टी बसवता येते, आणि ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची आहे.

आता जे पाकिटावर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही ते सांगते. ही गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. म्हणजे गोळीनंतर दोन दिवसांनी परत तसाच संबंध आला तर त्याला गोळीचं काही संरक्षण नाही, उलट पुढे ढकललेलं बीज आता बाहेर पडायच्या बेतात असेल. तारीख पुन्हा पहिल्यापासून मोजायची. दुसरं, या गोळीने पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते, मध्येच डाग पडू शकतात, आणि नेमकं याच उशिरामुळे लोक घाबरून परत येतात. आणि ज्या पोरी महिन्यात तीन-तीन वेळा ही गोळी नेतात त्यांचं महिन्याचं गणित इतकं विस्कटतं की पाळी कुठली आणि गोळीचं रक्त कुठलं तेच कळत नाही. अशावेळी मी सरळ सांगते, बाई, महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरला विचारून सुरू कर, स्वस्तही पडेल.

दिवस आधीच राहिले असतील तर ही गोळी ते पाडत नाही, आणि बाळाला इजाही करत नाही.

२१ दिवस का, आणि तोवर काय करायचं

कारण सोपं आहे. शुक्राणू पाच दिवस वाट बघू शकतात. मग बीज मिळालं तर गर्भ पिशवीला चिकटायला ६ ते १२ दिवस. चिकटल्याशिवाय एचसीजी नावाचं हार्मोन तयारच होत नाही, आणि किट तेच शोधतं. पाच अधिक बारा झाले सतरा, वर हार्मोन लघवीत दिसण्याइतकं वाढायला तीन-चार दिवस. झाले २१. म्हणजे सगळ्यात उशिराचा हिशोब धरला तरी २१व्या दिवशीचं निगेटिव्ह हे भरवशाचं निगेटिव्ह असतं, मग तुमची पाळी ३० दिवसांनी येवो नाहीतर ७० दिवसांनी.

पाचव्या दिवशी, आठव्या दिवशी टेस्ट करणं म्हणजे भात चढवून लगेच झाकण उघडून बघणं. मी स्वतः केलंय हे. लग्नाला चार महिने झाले होते, माझी पाळी तेव्हा ४०-५० दिवसांनी यायची, आणि मी फार्मासिस्ट असून सासरच्या बाथरूममध्ये दहा दिवसांत चार किट संपवली, दुसऱ्याच्या दुकानातून विकत आणलेली, कारण आपल्या दुकानातली घेतली तर स्टॉकमध्ये दिसणार. चारही निगेटिव्ह. पाळी ५७व्या दिवशी आली, तीही मामेबहिणीच्या हळदीत.

तोवर छातीत दुखणं, सारखी लघवीला, मळमळ, मूड जाणं, पोट फुगणं, यावरून काही ठरवू नका. पाळी यायच्या आधीची लक्षणं आणि दिवस राहिल्याची सुरुवातीची लक्षणं जवळजवळ सारखीच असतात, आणि भीतीने ॲसिडिटी झाली तरी मळमळतंच. २१ दिवस थांबवतच नसेल, झोप उडाली असेल, तर लॅबमध्ये रक्ताची बीटा एचसीजी करता येते, ती किटच्या थोडी आधी कळते. रिपोर्टमध्ये ५ च्या खाली म्हणजे नाही, २५ च्या वर म्हणजे आहे, मधलं आलं तर दोन-तीन दिवसांनी परत.

किट नीट वापरा, कारण चुका इथेच होतात

किट ५० ते १०० रुपयांत मिळतं, महागडं घेतलं म्हणून जास्त खरं सांगत नाही. उपकेंद्रात आणि आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट फुकट असतं. गावातल्या आशाताईंकडे मागायची लाज वाटते हे मला मान्य आहे, मग शेजारच्या गावच्या मेडिकलात जा, पण कराच.

एक्सपायरी बघा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी घ्या, रात्री ढसाढसा पाणी पिऊन झोपू नका, लघवी पातळ झाली की हार्मोनही पातळ. भांडं कोरडं आणि साबण न लागलेलं. पाकीट फोडल्यावर आत कार्ड, ड्रॉपर आणि एक छोटी पुडी निघते, ती पुडी ओल शोषायला असते, तिचं काही करायचं नाही. (एका बाईंनी ती लघवीत विरघळवायला ठेवली होती.) कार्ड सपाट जागेवर ठेवायचं, हातात धरून तिरकं नाही, ड्रॉपर उभा धरून गोल खड्ड्यात बहुतेक कार्डांना तीन थेंब, मधल्या काचेवर नाही. पट्टीवालं किट असेल तर रेषेपर्यंतच बुडवायचं. मग घड्याळ लावा. साधारण पाच मिनिटांनी बघायचं, पाकिटावर जितकं लिहिलंय तितकं.

कार्डावर ‘सी’ आणि ‘टी’ अशी अक्षरं असतात, त्यातल्या ‘सी’ला रेघ आलीच पाहिजे, ती नाही आली तर किट वाया, निकाल काहीच नाही, नवीन आणा. फक्त ‘सी’ म्हणजे निगेटिव्ह. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही म्हणजे पॉझिटिव्ह, आणि ‘टी’ची रेघ फिकट असली तरी ती वेळेत आली असेल आणि गुलाबी असेल तर ती पॉझिटिव्हच आहे. ‘फिकट आहे म्हणजे थोडंसंच राहिलंय’ असं काही नसतं. दोन दिवसांनी परत करा, रेघ गडद होईल.

कचऱ्यात टाकलेलं कार्ड तासाभराने काढून बघायचं नाही. वाळल्यावर राखाडी सावलीसारखी रेघ उमटू शकते, तिचा अर्थ काही नाही. रात्री अकरा वाजता फोन येतात मला या राखाडी रेघेसाठी.

आणि थोड्याच जणींना लागू आहे पण सांगते, नुकतीच डिलिव्हरी किंवा ॲबॉर्शन झालं असेल तर जुनं हार्मोन तीन-चार आठवडे अंगात राहतं आणि किट पॉझिटिव्ह दाखवतं. मूल होण्याच्या ट्रीटमेंटमध्ये बीज फुटायचं इंजेक्शन घेतलं असेल तरी दहा-चौदा दिवस तसंच.

निगेटिव्ह आली, पाळी मात्र नाहीच

२१ दिवस पूर्ण झालेत, टेस्ट नीट केली, निगेटिव्ह आहे. मनाच्या समाधानासाठी आठवड्याने एकदा परत करा आणि मग थांबा. पाचवं सहावं किट मी देत नाही, गल्ल्याचं नुकसान झालं तरी चालेल. आता प्रश्न ‘राहिलंय का’ हा नाहीच, ‘पाळी का लांबली’ हा आहे.

आणि इथे मला सगळ्यात जास्त काय दिसतं सांगू? सणवार. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरात लग्न, पंढरीची वारी, की आमच्याकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग. नोरेथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा. आता जिला तारीखच माहीत नाही ती कधी सुरू करणार? अंदाजाने सुरू करते, पंधरा दिवस खाते, गणपती विसर्जन झालं की बंद करते आणि दुसऱ्या दिवशी पाळी नाही आली की माझ्यासमोर उभी. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी सहसा येते. आठवडा गेला तरी नाही आली तर टेस्ट. कारण या गोळ्या खाताना दिवस राहत नाहीत असं बऱ्याच जणी धरून चालतात, आणि तसं नाहीये, तशा घेतलेल्या या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून धरायच्या नाहीत. पायात गुठळी होऊन गेली असेल, घरात कुणाला तसा त्रास असेल, तर डॉक्टरला न विचारता या गोळ्या नकोतच. देवाला पाळी चालते की नाही तो वाद मी काउंटरवर घालत नाही, माझं मत घरच्यांना माहीत आहे.

मग अंतरा इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी देतात ते. त्याने पाळी आधी विस्कळीत होते आणि पुढे बंदच होऊ शकते, हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे, रक्त साठून राहतं वगैरे काही नसतं. इंजेक्शन थांबवल्यावरही पाळी रुळावर यायला बरेच महिने जातात. छाया गोळी, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते, तिनेही पाळी लांबते. या दोन्हींवर असाल आणि वेळच्या वेळी घेतलं असेल तर उशिराला घाबरू नका, पण डोस चुकला असेल तर टेस्ट करा.

अंगावर पाजणाऱ्या आयांचं वेगळं. ‘पाजतीये तोवर दिवस राहत नाहीत’ हे अर्धंच खरं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून आलेली नाही, तिन्ही असेल तरच भरवसा. वरचं सुरू केलं की संपलं. आणि बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, म्हणजे डिलिव्हरीनंतर एकही पाळी न येता थेट दुसऱ्यांदा दिवस जाऊ शकतात. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या काकूंचंही तसंच, पाळी जायच्या वाटेवर असली तरी गेलेली नसते. पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष, तोवर साधन सोडायचं नाही.

बाकी कारणं तुम्हाला ऐकून माहीत असतील. पीसीओडी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढणं, सहा महिन्यांत दहा किलो वजन वाढणं किंवा उपाशी राहून कमी करणं, भरतीसाठी रोज दहा किलोमीटर धावणं, परीक्षा, घरातलं मरण. भीतीनेही लांबते, म्हणजे राहिलंय का या भीतीने पाळी लांबते आणि लांबली म्हणून भीती वाढते. काही मानसिक आजाराच्या गोळ्या, आणि आपली साधी डॉमपेरिडॉन उलटीची गोळी सुद्धा महिनोन्महिने घेतली तर प्रोलॅक्टिन वाढवते.

पीसीओडीवाल्यांना एकच सांगणं, ‘डॉक्टर म्हणाले मला मूल व्हायला त्रास होईल’ याचा अर्थ ‘मला दिवस राहणारच नाहीत’ असा नाही. बीज दर महिन्याला सुटत नाही, पण सुटतं, आणि कधी सुटेल ते सांगून सुटत नाही.

डॉक्टरकडे कधी? तीन महिने, म्हणजे ९० दिवस पाळी नाही, टेस्ट निगेटिव्ह, तर जा. सारखंच असं होत असेल तर नक्कीच, कारण पिशवीचं अस्तर जाड होत राहतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहणं बरं नाही. वर्षाला निदान चार पाळ्या तरी हव्यात. डॉक्टर बहुधा टीएसएच (थायरॉईडची तपासणी), प्रोलॅक्टिन, गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतील. वयात येऊन दोन-तीन वर्षंच झालेल्या मुलींची पाळी ४५ दिवसांपर्यंत लांबणं चालतं, त्यांच्यावर सोनोग्राफी बघून लगेच पीसीओडीचा शिक्का मारू देऊ नका.

पाळी आणायच्या गोळ्या आणि पपई

“पाळी यायची गोळी द्या” हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकते. अशी गोळी आहे, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, डॉक्टर पाच ते दहा दिवस देतात आणि बंद केल्यावर साधारण आठवड्यात पाळी येते. पण दिवस राहिले असतील तर ती पाळी आणत नाही. म्हणून आधी टेस्ट, मग डॉक्टर, मग गोळी, या क्रमाने. उलट्या क्रमाने करणाऱ्यांचे पंधरा दिवस वाया जातात, आणि हे पंधरा दिवस पुढे फार महागात पडू शकतात.

कच्ची पपई, अननस, तीळ-गूळ, ओव्याचा काढा, यांनी ना पाळी खात्रीने येते ना गर्भ पडतो. तीळ-गूळ खा, चांगला असतो.

पॉझिटिव्ह आली तर

बसा. पाणी प्या. आज रात्रीत काही ठरवायचं नाहीये, पण पंधरा दिवस ढकलायचंही नाहीये.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं आणि सोनोग्राफी करायची. अनियमित पाळीवाल्यांना ती जास्तच गरजेची, कारण डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि तुमचं बीज जर ३१व्या दिवशी सुटलं असेल तर तो हिशोब दोन-अडीच आठवड्यांनी चुकतो. उलटंही होतं, डागांना पाळी समजलं असेल तर गर्भ वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. सोनोग्राफीत खरे आठवडे कळतात आणि गर्भ पिशवीतच आहे की गर्भनळीत अडकलाय तेही कळतं. तिथे एक फॉर्म भरून घेतात, ओळखपत्र मागतात, तो लिंगनिदान रोखायच्या कायद्याचा भाग आहे, तुमच्यावर पाळत नाही.

ठेवायचं असेल तर फॉलिक ॲसिड सुरू करा आणि १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा.

ठेवायचं नसेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, हे निम्म्या लोकांना माहीत नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने करता येतं, २० ते २४ मध्ये ठराविक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या. साधन निकामी झालं हे कारण आता लग्न न झालेल्यांनाही चालतं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २४ आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित म्हणून कुणाला वगळता येणार नाही. १८ पूर्ण असेल तर सही फक्त तुमची. नवऱ्याची, आईची, कुणाची लागत नाही. दवाखान्यात ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणतात बऱ्याच ठिकाणी, पण कायद्यात ते नाहीये, आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. १८ च्या आत असेल तर पालकाची सही लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर नाव-ओळख न देता कळवायची मुभा त्याच निकालात आहे.

गर्भपाताचं पाच गोळ्यांचं किट मात्र मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका. ते नऊ आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आहे. मी देत नाही म्हटलं की पोरं चिडतात, जास्त पैसे देतो म्हणतात. पण गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, रक्त जातं आणि बाईला वाटतं झालं, आणि आत नळी फुटायची वाट बघत असते. आठवडे जास्त निघाले तर अर्धवट पडतं, मग क्युरेटिंग करायला जावंच लागतं, तेही रात्री, रक्तस्त्रावात.

ताबडतोब निघायचं ते कधी

टेस्ट कुठलीही असो, पाळी कितीही अनियमित असो : ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, डोळ्यापुढे अंधारी, खांद्याच्या टोकाला विचित्र दुखतंय, हे नळीतला गर्भ फुटल्याचं असू शकतं. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असे दोन तास झाले. ताप आणि घाण वासाचं अंगावरून जातंय. यात लिंबूपाणी पिऊन पडून राहायचं नाही, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला संबंध आल्याचं खरं सांगा, सासू शेजारी उभी असली तरी, हवं तर तिला बाहेर थांबवायला सांगा. ते लपवलं की डॉक्टर अपेंडिक्स शोधत बसतात आणि वेळ जातो.

नुसता सल्ला हवा असेल, कुणाला विचारायचं कळत नसेल, तर १०४ हा सरकारी आरोग्य सल्ल्याचा फोन नंबर आहे. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं.

पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा

मोबाईलमधली ॲप चालतात, पण ती पुढची तारीख जी दाखवतात ती तुमच्यासाठी सोडून द्या, ती मागच्या महिन्यांची सरासरी असते आणि आपल्यासारख्यांना सरासरीचा काही उपयोग नाही. फक्त पहिला दिवस, किती दिवस गेलं, आणि विनासाधन संबंध आला तर ती तारीख, एवढं भरा. सहा महिन्यांचा असा कागद डॉक्टरसमोर ठेवला की अर्ध्या तपासण्या वाचतात.

मी अजून भिंतीवरच्या कालनिर्णयवरच लिहिते, पण आता टिंब करते. आधी फुली मारायचे. आमच्याकडे दुधाच्या खाड्यालाही फुलीच असते, आणि एका महिन्यात सासूबाईंनी माझे पाचही दिवस खाडे म्हणून गवळ्याच्या बिलातून वजा केले होते.